शिमोन पणजोबांची कुऱ्हाड

२ ऑगस्ट २००४, शिकागो
संकल्प : पोलंडमध्ये कुणावरही हात उचलायचा नाही. तसा मी शांतच. आमच्या कुबाला घराण्यात कुणी कधी हात उचललेला नाही, हे मी दर ईस्टरला चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवतो. बाबा तर देवमाणूस होते. माझं नाक वाकडं आहे ते नवव्या वर्षी कपाटाचं दार लागून. आमच्या मुलाचं, केव्हिनचंही तसंच आहे, पण ते हॉकीमुळं. तीन वर्षं झाली, कार्टं फोन करत नाही. असो.

बाबांना शेवटच्या दिवशी शब्द दिलाय. सुखा पोल्याना गावातल्या आपल्या घराच्या उंबऱ्याची मूठभर माती आणून तुमच्या थडग्यावर टाकीन. यंदा टाकणार म्हणजे टाकणार.

३ ऑगस्ट
बॅग भरली. शिमोन पणजोबांनी १९०९ साली बोटीतून आणलेली कुऱ्हाड टॉवेलात गुंडाळून घेतली. लांब दांड्याची, आमचे डोंगरातले लोक काठीसारखी टेकत चालतात ती. दांड्यावर तीन खाचा आणि एक फुली. हे आमचं घराण्याचं चिन्ह. यंदाच्या कुटुंबमेळाव्यासाठी ते एकशे चाळीस टी-शर्टांवर छापून घेतलंय.

बायको म्हणाली, देश सोडताना माणूस बिछाना घेईल, भांडी घेईल, कुऱ्हाड कशाला घेईल? लोरेनला इतिहासात गती नाही. समजावताना एक प्लेट फुटली. हात लागला.

९ ऑगस्ट, क्राकुफ
पार्किंगवरून एका माणसाशी किरकोळ प्रसंग. मी हातही उचलला नाही, त्याची कॉलर आपोआप माझ्या मुठीत आली. बाकीचं त्याच्या गाडीच्या दारानं केलं. संकल्प डोंगरात पोचल्यापासून लागू.

१० ऑगस्ट, सुखा पोल्याना
शिमोन सापडला! चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद, घर नंबर ३७. पण समासात लॅटिनमध्ये दोन ओळी. फादर झिग्मुंटनी त्या वाचल्या, खाकरले आणि वही मिटली. म्हणाले, चेस्टरसाहेब, नंबर तीनदा बदललेत, घर काही सापडायचं नाही. डोंगर बघा, पोटभर जेवा आणि सुखानं घरी जा. मी म्हटलं, वाचा. ते म्हणाले, नको. वही मी ओढली, त्यांनीही ओढली. पुठ्ठा माझ्याकडं राहिला. पाद्री असून त्यांनी माझ्या बोटांवर मेणबत्तीचा स्टँड हाणला. काय हा हिंसकपणा!

११ ऑगस्ट, सकाळ
घर सापडलं! रस्त्यावरून जाताना एक दार उघडं होतं, आणि आत छताच्या मधल्या तुळईवर कोरलेलं होतं : तीन खाचा, एक फुली. माझ्या अंगात तोच शर्ट. रडूच आलं. सरळ आत गेलो. एक म्हातारी चीज ढवळत बसली होती. म्हटलं, आजी, हे घर माझं.

अन्येला स्टोपका. वय पंच्याऐंशी, नुसती हाडं. ढवळायचा दांडा तिनं आधी माझ्या गुडघ्यावर मारला आणि मग विचारलं, कोण रे तू? तिचा नातू फ्रानेक म्हणजे रेडा. म्हणाला, काका, युद्धात जर्मन आले, मग सरकारवाले आले, आता तुम्ही. आणि मला अंगणात फेकलं.

उघड आहे. या स्टोपकांनी आमचं घर बळकावलंय. उद्या अत्यंत शांतपणे पुरावा दाखवायचा.

१२ ऑगस्ट, दुपार
कुऱ्हाड दाखवली. म्हातारी खाली बसली. दांड्यावरून हात फिरवत म्हणाली, ही माझ्या आजोबांची. खाचा-फुली आमची, स्टोपकांची. लग्नात बँडसमोर पहिलं गाणं कुणी म्हणायचं यावरून जुंपली, तेव्हा तुझ्या शिमोननं ही हिसकून आजोबांचा कान उडवला आणि हिच्यासकट पळाला. मग आमच्या लोकांनी कुबालांचं घर जाळलं. रविवारी, प्रार्थना आटोपून.

फ्रानेक म्हणाला, पण आजी, हा कुबालाच कशावरून? दर उन्हाळ्यात एक अमेरिकन टपकतो.

मी ओरडून सांगितलं, कुबाला घराण्यात कुणी हात उचलत नाही! आणि मी हात उचललाच नाही. डोकं मारलं. फ्रानेकच्या नाकातून भळाभळा रक्त आलं.

म्हातारीनं टाळी वाजवली. कुबालाच रे, कुबालाच! कागद कशाला हवेत! मग जवळ येऊन तिनं माझं नाक चिमटीत धरलं. हे बापानं मोडलं ना? गावात हीच तर तुमची खूण. बाप पोराचं मोडणार, पोर मोठं झालं की आपल्या पोराचं.

मी म्हटलं, कपाटाचं दार लागलं.

ती म्हणाली, असेल बाबा. शिमोन सांगायचा, गाईनं लाथ मारली. माझी आजी ते आठवून मरेपर्यंत हसायची.

एवढ्यात फ्रानेकनं मला उचललं आणि डुकरांच्या गोठ्यामागं खाजऱ्या पाल्यात तोंडावर आपटलं. घर नंबर ३७ तिथंच होतं म्हणे.

१३ ऑगस्ट, विमानतळ
दोन दात गेले. तोंडात गेलेली माती रुमालात थुंकून घेतली. उंबऱ्याचीच असणार. म्हातारीनं स्वतः माझं तोंड धुतलं, चीज बांधून दिलं, कुऱ्हाड ठेवून घेतली. एकूण दौरा यशस्वी.

१५ ऑगस्ट, शिकागो
बाबांच्या थडग्याशी गेलो. रुमाल उघडला आणि ते कपाट आठवत उभा राहिलो. खाटकाच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्या. पलंग, टेबल, स्टोव्ह. कपडे खिळ्यांना टांगलेले असायचे. बाबांचा कोट दाराजवळच्या खिळ्याला. कपाट कुठं होतं?

रुमाल तसाच खिशात घालून परत आलो.

संध्याकाळी लोरेनला सहज विचारलं, आपला केव्हिन हॉकीत कुठल्या जागेवर खेळायचा गं? ती भांडी पुसत होती. मागं न बघता म्हणाली, केव्हिन हॉकी कधीच खेळला नाही, चेस्टर.