तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खुर्च्या

मेकन, जॉर्जिया
रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय लुशसदादास धाकट्या ओरीलियाचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी गेल्यापासून सॅव्हानाच्या त्या मोठ्या घरात तू एकटा, जेवणाचे हाल करत असशील. इकडे आम्ही बरे आहोत. जन्मभर गणित शिकवून दमलास, आता कुणाला काही शिकवणार नाही असं तू जाहीर केलं आहेस, त्याचा मला पूर्ण आदर आहे. तेव्हा मला काही मागायचं नाही. सहज लिहितेय.

माझ्या व्हरांड्यासमोरची शाळा तुला आठवते ना? तिचा तिसरा मजला आता खास विज्ञान शाळा झालाय. वर शहरभरातून बसने आणलेली मुलं, खाली आमच्या गल्लीतली. (फुटबॉलच्या संघात मात्र मजले नाहीत, तिथे आमची पोरं लगेच चालतात.) माझ्या नातीला, तावियाला, इंजिनियर व्हायचंय आणि त्यासाठी पुढच्या वर्षी कॅल्क्युलस हवं. ते फक्त वर शिकवतात. प्रवेशाचं बघणाऱ्या मिस ब्रँट म्हणाल्या, हिचं बीजगणित आठवीत व्हायला हवं होतं, आता ही एक वर्ष मागे आहे. अगं बाई, हिच्या शाळेत आठवीला बीजगणित होतंच कुठे? जिन्याची खालची पायरी बांधायचीच नाही आणि वर विचारायचं, पोरी, तू चढली का नाहीस!

तर गेल्या गुरुवारी वरच्या मजल्यावर पालकांसाठी नमुन्याचा वर्ग होता. आम्हालाही मुभा होती, मागे उभं राहून बघण्याची. मी चर्चच्या सेविकांच्या बैठकीतून थेट गेले, म्हणजे अंगावर पांढरा गणवेश, हातांत पांढरे हातमोजे. आता दादा, इतकी वर्षं मी दर रविवारी चर्चमध्ये लोकांना बाकांवर बसवत आले. पुढे जागा रिकामी आणि मागे माणसं उभी, हे दिसलं की माझा हात आपोआप वर जातो. इथे तर पुढच्या दोन रांगा ओस! मी डावा हात पाठीशी घेतला, उजवा वर केला आणि भिंतीला चिकटलेल्या तावियाला आणि आमच्या पोरांना एकेक करून पुढे नेऊन बसवलं. त्यांच्या आयाही बसवल्या. पांढऱ्या हातमोज्यांचा धाकच तसा असतो. (मिस ब्रँटसुद्धा मी बोट दाखवल्यावर कडेच्या खुर्चीत निमूट बसल्या. मग भानावर आल्या.)

"मावशी, या जागा वरच्या मुलांच्या आहेत," त्या कुजबुजल्या.

"मग ती आहेत कुठे?"

"तेवढ्या जागा भरत नाहीत."

"आज?"

"वर्षभरच."

दादा, माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर्षभर त्या खुर्च्या रिकाम्या राहतात आणि माझी पोर खालच्या मजल्यावर बसते! मी आवाज चढवला नाही, पण हातमोजे काढले. आमच्या चर्चमध्ये त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, की आता ही बाई हटणार नाही. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण ऑगस्टमध्ये तावियाची परीक्षा घेऊ, पास झाली तर जागा देऊ, असं त्या सगळ्यांसमोर बोलून गेल्या. बाई वाईट नाही. तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर ताविया दारातच म्हणाली, "आजी, मला अर्ध्यापर्यंत कळत होतं गं." मला रडू आलं. उरलेलं अर्धं शिकवणारं या गल्लीत कुणी नाही.

बाकी क्षेम. प्रकृतीला जप.

तुझी,
ओरीलिया

ता. क. उन्हाळाभर तिला तुझ्याकडे ठेवून घे आणि राहिलेल्या वर्षाचं गणित करून घे. झालं, मागितलं एकदाचं.

ता. क. दुसरा. तू नाहीच म्हणणार, हे मी ओळखून आहे. म्हणून तिला बसमध्ये बसवल्यावरच हे पत्र पेटीत टाकतेय. तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्या स्वयंपाकघरात पुस्तक उघडून बसलेली असेल. नाही म्हणायचं असेल तर तिच्या तोंडावर म्हण.