ओजूचं नाव नसलेली यादी

चंदीगड,
रविवार

प्रिय ओजू,

तुला मराठी आता एकेक अक्षर लावून वाचावं लागतं, म्हणून मोठं काढतोय. फोनवर बोलता आलं असतं, पण तू 'बोलो ना काका' म्हणालीस की मी थंडी-पावसाच्या गप्पांवर घसरतो. गेल्या आठवड्यात दोनदा तसंच झालं.

सिंगापूरची तुझी टेबल टेनिसची मॅच आम्ही मोहालीच्या एयरोसिटीत तुमच्याच घरी पाहिली. दुपारची वेळ, सोसायटीतली पाच-सहा मराठी कुटुंबं जमलेली. समोर भारताची मुलगी आणि तुझ्या पाठीवर कॅनडाचं नाव, त्यामुळे टाळी कुणासाठी वाजवायची हेच कुणाला कळेना. शेवटी ज्योतीवहिनी म्हणाल्या, "माझी पोरगी खेळतेय, मी तर वाजवणार बाई!" पाचव्या गेममध्ये नऊ-नऊ असताना तू ती आखूड सर्व्हिस केलीस, तेव्हा मी नकळत उभा राहिलो होतो. तू जिंकलीस आणि तुझे बाबा रडले. मग मुलाखत लागली. तू म्हणालीस, चंदीगडमध्ये सगळे नको म्हणत होते तेव्हा नामदेवकाका एकटे माझ्यासाठी भांडले, म्हणून मी खेळ सोडला नाही. सगळी खोली माझ्याकडे वळली. कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला. मी आत जाऊन बेसिनचा नळ सोडून कितीतरी वेळ उभा राहिलो.

तू आठ वर्षांची होतीस. शुभंकररावांना मोहालीत आयटीतली नोकरी लागली आणि तुम्ही नाशिकहून इकडे आलात. मी साताऱ्याचा, खेळाच्या जोरावर सरकारी नोकरी लागली म्हणून इथं आलेला आणि ऑफिस सुटल्यावर मुलांना शिकवणारा. टेबलाच्या वर जेमतेम तुझी हनुवटी यायची. मी मराठीत ओरडायचो, तू मराठी-हिंदी मिसळून उत्तर द्यायचीस, "काका, पाय दुखतायत, अब बस ना!" हॉलमध्ये सर म्हणायचं, असं दटावलं की दोन मिनिटं सर आणि पुन्हा काका. आम्हाला मूल नाही. उर्मिला रोज तुझ्यासाठी वेगळा डबा द्यायची आणि तो रिकामा आला की दिवसभर खुशीत असायची. नऊ वर्षं आमच्या घराचं घड्याळ तुझ्या सरावावर चालायचं.

सतराव्या वर्षी उत्तर विभागाच्या संघाची निवड होती आणि निवड समितीत मीही होतो. त्या संघातूनच देशाच्या शिबिराला मुली जाणार होत्या, आणि ज्युनिअर गटातलं तुझं ते शेवटचं वर्ष. चाचणीत तू पिंजौरच्या अक्षराला दोनदा हरवलंस. यादी लागली, तेव्हा तिचं नाव होतं, तुझं नव्हतं. तू हॉलच्या पायऱ्यांवर बसून राहिलीस. मी शेजारी बसलो आणि म्हणालो, "मी खूप भांडलो गं, पण बाकीच्यांनी ऐकलं नाही." तू माझ्या खांद्यावर डोकं टेकवून म्हणालीस, "काका, आप तो थे ना."

पुढच्या वर्षी सेक्टर चौतीसमध्ये इंग्रजीचा क्लास लावून, इथली निम्मी पोरं जातात तशी तूही कॅनडाला गेलीस. सकाळी कॉलेज, दुपारी कॉफीच्या दुकानात उभं राहून काम, संध्याकाळी निवृत्त चिनी आजोबांबरोबर सराव. मनगट सुजलं होतं ते तू आईला सांगितलं नाहीस, मला सांगितलंस. नागरिकत्व मिळेपर्यंत आणि नव्या देशाकडून खेळायची परवानगी येईपर्यंत तुझी उमेदीची वर्षं निघून गेली. फोनवर मी तुला धीर देत होतो. मला तेही बरं वाटायचं, की अजून तुला माझी गरज आहे.

ओजू, त्या समितीत आम्ही पाच जण होतो. दोघं तुझ्या बाजूनं, दोघं अक्षराच्या. पाचवा मी होतो. मी अक्षराचं नाव लिहिलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी ज्योतीवहिनी सहज बोलून गेल्या होत्या, की संघात नाव आलं की ओजू हैदराबादच्या अकादमीत जाणार, तिथल्या सरांशी बोलणं झालंय. तू मला काहीच सांगितलं नव्हतंस. माझ्या मनात आलं, एक वर्ष थांबली तर काय बिघडलं? माझ्याकडेच राहील. समितीला मात्र मी सांगितलं, ती माझी शिष्या आहे, माझ्याकडून पक्षपात व्हायला नको. सगळ्यांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं, आणि मग पायऱ्यांवर येऊन तुझ्याशी खोटं बोललो. अक्षराचा यात काहीच दोष नाही. ती आता शाळेत खेळ शिकवते, भेटली की पाया पडते.

परवा तुझा निरोप आला, की पुढच्या स्पर्धेत तुझ्या प्रशिक्षकाच्या खुर्चीत मी बसावं, तू परवानगीही काढली आहेस. दोन गेममधल्या त्या एका मिनिटात खेळाडू समोरच्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. तू ठेवशील हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि ते मला सोसणार नाही. म्हणून आज सकाळी आधी उर्मिलाला सांगितलं, मग तुमच्या घरी गेलो. शुभंकरराव ऐकता ऐकता उठून आतल्या खोलीत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. ज्योतीवहिनींनी गॅस बंद केला आणि एवढंच म्हणाल्या, "भावोजी, तिला हे तुम्हीच सांगा. आमच्याकडून कळायला नको." व्हिसाचे कागद मी भरलेले नाहीत. तू ये म्हणालीस तर भरेन. नाही म्हणालीस, किंवा काहीच म्हणाली नाहीस, तरी मला समजेल. माफी मागतो, पण उत्तराची घाई करू नकोस. उर्मिला आत्ता दारात येऊन म्हणाली, उद्या पोस्ट उघडल्या उघडल्या हे टाका, त्याशिवाय घरी येऊ नका.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझाच
नामदेवकाका