उघडं राहिलेलं ‘जर’

प्रिय भागवत,

तुझी मेल येऊन आठ दिवस झाले. उत्तर मेलवरच देता आलं असतं, पण तिथं मी तुला पटकन माफ करून टाकते, ही माझी जुनी खोड. कागदावर हात हळू चालतो, म्हणून कागद घेतला.

चिखलीतला कॉम्प्युटरचा क्लास चाललाय बरा. बसस्टँडसमोरची खोली सोडली, आता बाजार समितीच्या रस्त्यावर आहे. तुरीच्या हंगामात ट्रॅक्टरांच्या आवाजात शिकवावं लागतं. नव्या मुलांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगते, वेबपानावर जे चिन्ह, म्हणजे टॅग, उघडलं ते बंद करायचंच. सांगताना आवाज चढतो. मुलांना वाटतं, मॅडम कडक आहेत.

तुला तो उन्हाळा आठवत असेल. आपण दोघं ‘गोफण’ लिहीत होतो. वेबपानाच्या आत लिहायची छोटीशी भाषा, मराठी शब्दांची. जर, नाहीतर, प्रत्येक. इथल्या शाळा-कॉलेजांना आपली पानं आपली आपण करता यावीत म्हणून. आणि दोन महिने आपण एकाच गोष्टीवर भांडलो. मी म्हणत होते, गोफणीनं वेबपानाच्या चिन्हांचेच नियम पाळावेत. उघडलेलं ‘जर’ बंद झालंच पाहिजे, म्हणजे कुणी चुकलं तर पानं तपासणारं कुठलंही साधन तिथल्या तिथं लाल रेघ मारेल. तुझं म्हणणं, सक्ती कशाला? ‘जर’ कुठं संपतं ते गोफण स्वतःच ओळखेल. “काऊन एवढी भेतं वं? ते नियम करणारे काय चिखलीले इचाराले आले होते?” असं म्हणून तू हसायचास. तुझ्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. हिवरा आश्रमच्या एका शिक्षकानं तुझ्या पद्धतीनं एका दुपारी शाळेचं अख्खं पान उभं केलं होतं. माझ्या पद्धतीनं त्याला आठवडा लागला असता.

शेवटी तुझं झालं. मी हरले असं सगळ्यांना सांगते, पण ठरवणारे दोघंच तर होतो आणि हो मीच म्हणाले. पटलं नव्हतं तरी म्हणाले. त्या वर्षी तू काहीही म्हणालास तरी मला हो म्हणावंसं वाटायचं, आणि ते काही गोफणीपुरतं नव्हतं. तुला हे कळत होतं, भागवत. कळत नव्हतं असं निदान माझ्यापाशी तरी म्हणू नकोस.

मग नर्सिंग कॉलेजची प्रवेशयादी आली. वीस जागा, वीस नावं. सतराव्या मुलीचा दाखला यायचा होता. तो आला तरच तिचं नाव दिसावं म्हणून मी तिथं ‘जर’ लावलं आणि बंद केलं नाही. तू सांगितलं होतंस ना, गरज नाही. गोफणीला काही ते ओळखता आलं नाही. सतरापासून खालची सगळी नावं त्या एका दाखल्यामागं झाकली गेली. सोळा नावांची यादी कुणाला अपुरी वाटली नाही. मलाही नाही, मी उघडून पाहिलं होतं तरी. दोन मुलींच्या घरच्यांनी कॉलेजात फोन केले, त्यांचं जमलं. राहिली एकोणिसाव्या नंबरची डिंपल. तिचे वडील तुळशीराम चिखलीच्या बाजारात भाजी आणतात. बापलेकीनं बाजारातच मोबाईलवर यादी तीनदा पाहिली आणि गुमान घरी गेले. चौथ्या दिवशी मला चूक दिसली, तोवर प्रवेश बंद झाले होते.

चौकशीत प्राचार्यांनी तुला माझ्यासमोर फोन लावला. तू नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्यात होतास. तू म्हणालास, “ते पान जयमालानं लिहिलं आहे.” किती शुद्ध बोललास! वाक्यही खरं होतं. त्याच्यापुढं आणखी एक वाक्य होतं, ते मी बराच वेळ ऐकायला थांबले. मग प्राचार्यांनी फोन ठेवला. ते काम गेलं, पाठोपाठ दोन शाळांची कामं गेली. संध्याकाळी तुझा मेसेज आला, “जरा शांत होऊ दे, मग बोलू.” सहा वर्षं झाली. किती शांत व्हायला हवं होतं?

मागच्या आठवड्यात एका शाळेच्या कामाला डोणगावला गेले. डिंपल तिथंच दिली आहे, तुळशीरामभाऊंनीच सांगितलं होतं. नाव लागलं नाही म्हटल्यावर त्यांनी पुढच्याच चैत्रात तिचं लग्न उरकलं. घर शोधत गेले. तिनं चहा केला, मुलीला माझ्या पाया पडायला लावलं. मी सगळं सांगितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. मग म्हणाली, “मंग माह्यं नाव होतं काय मॅडम?” मी म्हटलं, होतं, एकोणिसावं. तर म्हणे, “घरचे म्हनत, तुले मार्कच कमी पडले. मीबी तसंच समजून राह्यली होती.” रागावली असती तर बरं झालं असतं. ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली.

आणि घरी येते तो तुझी मेल. गोफणीची नवी आवृत्ती येते आहे, आता चिन्हांचे सगळे नियम पाळणारी. चांगलं झालं. पण सोबत तिच्या इतिहासाचा मसुदा पाठवलास, “प्रमाण नियमांचा आग्रह मी पहिल्यापासून धरला होता, माझ्या सहकाऱ्याला सोय महत्त्वाची वाटली,” आणि त्याखाली माझी संमती मागितलीस. हे पत्र त्या संमतीसाठी आहे. तुझं वाक्य मी खोडलं आहे, त्या जागी हे घाल: “ते ‘जर’ जयमालानं उघडं ठेवलं. ठेवलं तरी चालतं, असं तिला भागवतनं सांगितलं होतं, आणि विचारलं तेव्हा तो हे बोलला नाही.” एक अक्षरही न बदलता छापणार असशील तर माझी संमती आहे. नसशील तर माझं नाव त्या पानावरून काढ आणि मला पुन्हा लिहू नकोस.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
जयमाला