देवीनं नेलेला डोळा

१२ जून
शाळेत डोळे तपासले. बाईंचा फोन, मुक्ताला डाव्या डोळ्यानं फळा दिसत नाही. घरी उजवा झाकून पाहिला तर पोरगी घाबरून रडायलाच लागली. सात वर्षांची झाली. रोज वेणी घालते मी तिची, समोर बसवून.

१५ जून
जळगावचे डॉ. म्हणाले, डाव्या डोळ्याचा पडदा ओढला गेलाय, उशीर झाला. उजव्यातही शंका आहे, धुळ्याला दाखवा. "घरात कुणाला असं?" सासूबाई तिथल्या तिथे, "आमच्यात कुणालाच नाही." मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे दोष सावद्याचा. माझ्या माहेरचा.

२१ जून, धुळे
दंडात रंग टोचून पडद्याचे फोटो. मुक्ता पिवळीधमक. "आई, मला हळद लागली!" हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले.
डॉ.बाई म्हणाल्या, "नाव अवघड आहे, सोडा. रक्तवाहिन्या पडद्याच्या कडेपर्यंत पोचलेल्या नाहीत. घराण्यातून आलं असेल तर उजवाही जाऊ शकतो."
आमचेही फोटो काढले. माझे स्वच्छ. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत तेच, जरा कमी. ह्यांना तर लांबून बसची पाटी वाचता येते! परतताना हे एकेक डोळा झाकून पाट्या वाचत होते. मला वाटलं होतं, जिंकल्यासारखं वाटेल. कसलं काय.

२८ जून, धरणगाव
अक्कांकडे. ह्यांच्या आत्या. लहानपणी देवी आल्या आणि एक डोळा गेला, हे सगळ्या घराला पाठ. आज वाढताना दारातल्या उजेडात त्यांच्याकडे बघतच राहिले. चेहरा तुकतुकीत. एक वण नाही.
"अक्का, अंगावर फोड आले होते का हो?"
"नही वं माय. नुसता डोया तिरपा झाया नि गया."
ह्यांचा घास हातातच राहिला.

३ जुलै, धुळे
अक्कांच्या चांगल्या डोळ्यातही तेच निघालं. आता शंका नाही, घराण्यातलंच. मुक्ताच्या उजव्याला लेसर करायचं, भूल देऊन. टिकेल ना, विचारलं. "बघत राहावं लागेल. जन्मभर."
बाहेर बाकावर अक्का म्हणाल्या, "मंग इतला वरीस देवीले नारय कसाले फोडात मी?"
दरवर्षी देवीला नारळ, त्या डोळ्यासाठी! हात धरून बसले.

८ जुलै, पिंप्राळा, घरी
लेसर झालं. पट्टी उजव्यावर, म्हणून आज मुक्ताला काहीच दिसत नाही. भिंत चाचपत स्वयंपाकघरात आली, "आई, तू इथंच आहेस ना?" असं राहायची सवय लागू नये, देवा.
रेखावन्संचं तान्हं बाळही लगेच दाखवा, असं डॉ.बाईंनी बजावलंय. सा.बाई म्हणतात, "तिच्या सासरी कळता कामा नये. अक्कांचा डोळा देवीनंच नेला, एवढंच बोलायचं." हे मान खाली घालून बसलेले.
दुपारी मीच फोन लावला. सगळं सांगितलं. वन्सं हसल्या, "काहीतरीच वहिनी! बाळ छान बघतंय, दिव्याकडे टक लावून."
"कुठल्या डोळ्यानं?"
पलीकडे बांगड्या वाजल्या, वन्सं बाळाचा एक डोळा झाकून बघत असाव्यात. फोन चालूच होता.