पुढचा खांदा

चैत्र शुद्ध ६

चि. सौ. सगुणास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की शेजारी ऐकतात, म्हणून लिहितो. आपलं उन्हाळी भात वाळलं. चुलतभाऊ शिवदास दर साल आपल्या इंजिनाने पाणी द्यायचा आणि डिझेलपोटी पिकातला वाटा घ्यायचा. यंदा डिझेल भडकलं. दाणा भरायच्या वेळी त्याने आपलं पाणी तोडलं आणि साठवलेली पिंपं किहीमच्या बंगल्यांना जनरेटरसाठी विकली. दारात गेलो, तर म्हणाला, तुझ्या देवीला सांग पाऊस पाडायला.

मी परतलो. पण पुनवेला पालखी दारोदार फिरेल, आणि पुढचा खांदा आपल्या घराचा आहे. त्याच्या दारातून मी ती माघारी वळवणार. लोक म्हणतील, देवी रुसली.

मुलांना जप.
अंबाजी


बोर्ली पंचतन, चैत्र शुद्ध १०

ती. अंबाजीदादास सा. न. वि. वि.

पत्र वाचता वाचता चुलीवरचं कालवण करपलं. शिवदासदादाचं थोबाड फोडायचं तर दिवसाढवळ्या फोड, मीही लाटणं घेऊन येते. डिझेलपायी इथे मासळी महागली, रिक्षाचं भाडं वाढलं. मीही रोज कुणाला तरी शिव्या घालतेच. पण देवीला मध्ये घालू नकोस. पालखीआधी आठ दिवस तू वशाटाला, मासळी-मटणाला शिवत नाहीस, मग मनात हे ठेवून खांदा कसा देशील?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी सगुणा


चैत्र वद्य ५

चि. सौ. सगुणास आशीर्वाद.

वळवली. शिवदासची बायको ओवाळायला तबक घेऊन उभी होती. मी खांद्याने रेटा दिला, बाकीचे तिघे आपोआप फिरले. शिवदास माफी मागत देवीपुढे धुळीत आडवा पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू?

आता त्याचं पाणी कुणीच घेत नाही. शेजारची रतनकाकी रोख पैसे मोजून त्याच इंजिनावर भात जगवत होती. तिनेही पाइप काढून टाकला. देवीने टाकलेल्या घरचं पाणी नको म्हणते. शिवदास फुकट द्यायला गेला, तर तिने दार लावून घेतलं. तिचं भात पिवळं पडू लागलंय.

काल ती माझ्याकडे आली. म्हणाली, तुझा खांदा देवीचा, तूच कौल लावून विचार, शिवदासला माफी आहे का. मी देवळाकडे निघालो आणि पायरीवरूनच परतलो. काकीला सांगितलं, देवी अजून नाही म्हणते.

तुझा लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
अंबाजी