एकच लांब पाकळी

मंगळवार, संध्याकाळ, नंदनवन

चौकातल्या जुन्या लढाऊ विमानाला आज रंग चालला होता. मागे जिथून आग निघते, तिथे धातूच्या पाकळ्यांचं गोल कडं असतं. रंगारी म्हणाला, "काका, ही एकच पाकळी लांब काहून आहे?"

"दुसऱ्या इंजिनची आहे गा. मागून लावली."

एवढंच सांगितलं. सगळं सांगून काय करणार? मी या विमानाचा मेकॅनिक होतो. हे बंद पडून शेडमध्ये उभं होतं, तेव्हा याचे चांगले भाग काढून उडणाऱ्या विमानांना लावायचो. तशी रीतच होती. इथली आखूड पाकळी मी आमचे वैमानिक राणेसाहेब यांच्या विमानाला बसवली; तिच्या रिकाम्या जागी नंतर ही लांब लागली. साहेब परत आले नाहीत. पक्षी धडकला होता, पाकळीचा काही संबंध नव्हता. माहीत आहे मला. तरी या लांब पाकळीकडे बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

रंगारी म्हणाला, "कापून बाकीच्यायसारखी करून देऊ का?"

"हात नको लावू तिले!" मी ओरडलोच. बिचारा घाबरला.

चौथऱ्यावरच्या पाटीवर विमानाचं नाव आहे, उद्घाटन करणाऱ्यांचं आहे. साहेबांचं कुठेच नाही. त्यांच्यासाठी तेवढी एक पाकळी आहे.