गोदावरीबाईची भट्टी

लाखांदूर, १९८१

माय, तुया पाया पडतो. मी बरा आहो, खानावळीत भात चांगला भेटते.

सरकारनं धंद्यांची मोजणी केली, ते बरोबर झाली का हे मी घरोघरी जाऊन तपासून राहिलो. इथं गोदावरीबाई मुरमुऱ्याची भट्टी चालवते. हाताखाली चार बाया आहेत. तरी पहिला माणूस 'धंदा नाही' लिहून गेला.

मी विचारलं, "काहून?"

बाई म्हणाली, "त्यानं मालकाले विचारलं. मालक म्हणाले, बायको घरीच असते."

मी दुरुस्ती केली, तर साहेब चिडले. "अशा चुका वर पाठवल्या तर आपलीच बदनामी." त्यांनी ते खोडलं अन् माही सही मागितली. मी दिली नाही. बदली झाली तर घाबरू नको, बाबाले इतक्यात सांगू नको.

आंबागडले मोजणीवाला आला, तेव्हा तुया पत्रावळीचा धंदा त्यानं लिहिला का?

तुया लेक,
सेवकराम